अक्षराखालचे ठिपके

बहिणीच्या लग्नाची वेबसाइट फोलारिनने केली खरी, पण नायजेरियातल्या इबादान शहरातल्या नेटवर ती उघडेपर्यंत माणसाला डुलकी लागे. दोष नक्षीदार फॉन्टचा होता. त्यात जगभरची अक्षरं कोंबलेली. फोलारिनने फक्त इंग्रजी ए ते झेड ठेवली, बाकीची छाटली. साइट चुटकीसरशी उघडू लागली.

संध्याकाळी नवरीचा, म्हणजे मोरेनिकेचा फोन आला. "दादा, माझ्या सासरच्यांच्या नावांत खिडक्या का पाडल्यास?"

त्यांच्या योरुबा भाषेत काही अक्षरांखाली ठिपका असतो. तीही छाटली गेली होती. जुन्या फोनवर त्यांच्या जागी रिकामे चौकोन दिसत होते. त्या ठिपकेवाल्या अक्षरांचा संच फॉन्टमध्ये परत घातला असता, तर भागलं असतं. पण तो शोधायचा कंटाळा. फोलारिनने मजकुरातले सगळे ठिपकेच पुसले.

"ठिपक्यावाचून कुणाचं अडतंय?" तो मोरेनिकेला म्हणाला.

अडलं. साइटवर एक शीर्षक होतं, 'अ‍ॅबी ऑकॉ', म्हणजे वराकडची मंडळी. ठिपके गेले आणि झालं 'एबी ओको', शेतावरची भूक. खाली वराकडच्या बावीस वडीलधाऱ्यांचा फोटो.

नवरदेवाच्या आत्या अबेनीबाई योरुबाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा निरोप आला : "भुकेल्यांना लग्नाला बोलावू नये. सगळं संपवतील."

बाबा फोलारिनला घेऊन माफी मागायला निघाले. रस्ताभर त्याला सोलत होते. "वाचता येत नाही, तर लिहितोस कशाला रे? बाईंनी मला तिसरीत शिकवलंय. आता कुठल्या तोंडानं उभा राहू?"

बाईंच्या दारातच फोलारिनने लोटांगण घातलं. फरशी दुभंगेल तर बरं, असं त्याला झालं.

"अक्षरं का कापलीस?"

"साइट हलकी व्हावी म्हणून, बाई. वाटलं, ती लागत नाहीत."

"तुझं नाव काय?"

"फोलारिन."

"फॉलारिन! त्यातला 'ऑला' म्हणजे सन्मान. ठिपका कधी दिलास?"

फोलारिनने पडल्या पडल्याच कपाळ फरशीला टेकवलं. शाळा सुटल्यापासून एकदाही दिला नव्हता.

"पोराला अक्कल नाही, बाई," बाबा पुढे झाले. "पण पत्रिका मी स्वतः, जातीनं छापून घेतल्यात. चारशे." त्यांनी पिशवीतून एक काढून अदबीने दोन्ही हातांनी दिली.

बाईंनी चष्मा लावला. एकदा वाचली. पुन्हा वाचली.

"मजकूर कुठून घेतलास?"

"साइटवरूनच की. जसाच्या तसा..."

 बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, झग्याचा घोळ सावरला आणि खाली वाकत फोलारिनच्या कानाशी पुटपुटले,

"सरक जरा."