डोमाजीकाकांचा निकाल

अर्जुनी मोरगावातले आमचे शेजारी डोमाजीकाका रोज सकाळी चहा संपेपर्यंत दोघातिघांना फाशी देतात. बस न थांबवणारा ड्रायव्हर, रस्त्यात गाडी लावणारा, पोह्यांवर तर्री कमी घालणारा टपरीवाला, कोणीही चालतो. "लटकवा ना त्याले! कायले ठेवून राहिले?" एवढं बोलून ते बशीतला चहा फुर्रकन ओढतात. टपरीवाला आता विचारतो, "काका, फाशीच्या आधी अजून एक कप देऊ का?"

मी पडलो शाळामास्तर. फाशीची शिक्षा रद्द व्हावी असं माझं मत, आणि एकदा ते टपरीवर बोलून बसलो.

"निरपराध माणूस लटकला तर, काका?"

"न्यायाधीश चुकत नाही, गुरुजी. मी चुकलो का कधी?"

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, पाहुणेरावळे येतात, नाटक होतं, आणि त्यातले न्यायाधीश कायम डोमाजीकाकाच. तालमी सुरू झाल्या की काळा कोट अंगावर चढतो. मग ते वांगी आणायलाही कोट घालूनच जातात.

यंदाच्या नाटकात निरपराध नायकाला फाशी होते आणि तिसऱ्या अंकात त्याची विधवा सूड घेते. मी पडद्याआड प्रॉम्प्टर. नायकाच्या आईने पदर पसरला, "साहेब, माझा एकुलता एक आहे हो!" आणि काका थांबले.

"फाशी," मी कुजबुजलो. काका त्या आईकडेच बघत होते.

"फाशी, काका, फाशी!"

त्यांनी मान वळवली आणि अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात मला झापलं, "आयकू आलं मले! न्यायाधीश कोन आहे, तुमी का मी?" मग आरोपीला म्हणाले, "जा गा बापू, घरी जा. माय वाट पाहून राहिली."

मंडपात टाळ्यांचा कडकडाट! आत पांढरं लुगडं नेसून तयार असलेल्या विधवेला धावत जाऊन कुंकू लावावं लागलं. सूड कोणाचा घ्यायचा तेच राहिलं नाही, म्हणून तिसरा अंक सगळ्यांनी गाणी म्हणून काढला. दिग्दर्शकाने मात्र काकांना तिथल्या तिथे सांगितलं, पुढच्या वर्षी न्यायाधीश दुसरा.

ते काकांना फार लागलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर त्यांनी कोणालाच फाशी दिली नाही. मला राहवेना. "काय काका, फाशी रद्द का?"

ते हसले नाहीत.

"गुरुजी, आमचा सुरेश होता ना," ते म्हणाले. मुलगा तापाने गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्याचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. "डाक्टर बाहेर आला अन् म्हने, आता काही होत नाही. मी त्याच्या पाया पडलो. तो तरी का करन? त्याच्या हातात नोहतं."

काकांनी बशी खाली ठेवली.

"काल ते बाई माह्यापुढं रडून राहिली होती. अन् माह्या हातात होतं, गुरुजी."