मुंदे कोण?

म्हैसुरातल्या माझ्या पहिल्याच सकाळी, डोळ्यांत साबण गेलेला असताना, कुणीतरी बाहेरून न्हाणीचं दार ठोठावलं.

"मास्तर, मुंदे कोण?"

नंबर लागले असतील असं वाटून मी आतून ओरडलो, "मी एकटाच आहे!"

"अय्यो, माणसं नाही विचारत मी. हे पानी तुमच्या अंगावरून मुंदे कुणाकडं जाणार, ठाऊक हाय का? केळीकडं! साबण कमी लावा. साकू आता!"

मुंदे म्हणजे पुढे आणि साकू म्हणजे पुरे. माझं कानडीचं शिक्षण असं ओल्या अंगाने सुरू झालं.

तुळसाक्का माझ्या घरमालकीण. मी सांगलीचा, इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आलेला. अक्कांचं घराणं मात्र कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या मराठी रंगाऱ्यांचं. रागावल्या की त्या कानडीत शिरत आणि दमल्या की मराठीत परत येत. वरच्या खोल्यांत कॉलेजच्या मुली राहत, मागच्या खोलीत मी. अक्कांना मूलबाळ नाही. यजमान गेल्यापासून कापड रंगवायचा तांब्याचा भला मोठा हंडा अंगणात पालथा पडलेला होता. बंगळूरचा पुतण्या दर सणाला फोन करून सांगे, "काकू, तो हंडा भंगारात द्या, जागा तरी मोकळी होईल."

"बेडा," अक्का म्हणत. "नको. येईल कोणतरी."

कोण येणार, हे त्याने कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

रंगाऱ्यांचा एक नियम असतो. हंड्यात आधी फिक्या रंगाचं कापड घालायचं, मग त्याच पाण्यात गडद रंगाचं. एकाचं झालं म्हणून पाणी ओतून द्यायचं नाही, कारण मागे दुसरं कापड थांबलेलं असतं. हंडा पालथा पडला तरी अक्कांनी हा नियम सोडला नाही, त्यावर सगळं घर चालवलं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं कढीपत्त्याला. जुन्या साडीचा पडदा, पडद्याचे अभ्रे, अभ्र्यांचं पुसणं. एका मुलीने अर्धी कोरी वही टाकून दिली, तर अक्कांनी ती उचलून तिच्या भौतिकशास्त्राच्या पाठीवर लोणच्याच्या कृती उतरवल्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती पोरगी वही मागायला आली, आणि कैरीच्या फोडी ओलांडत अभ्यास करून पास झाली.

मुलींनी त्यांचं नाव ठेवलं होतं ‘मुंदे अक्का’. त्यांत सगळ्यात वांड चैत्रा. पिरियापट्टणच्या तंबाखूवाल्या शेतकऱ्याची लेक. तिच्या दारावर थाप पडायच्या आतच ती आतून कानडीत ओरडे, "अक्का, गार पाण्याने अंघोळ करतेय, तुमच्या केळीला सर्दी होईल!" दोघींचं रोज सकाळी वाजायचं. मी माझा चहा त्या भांडणाच्या वेळेला धरून करत असे.

त्याच वर्षी कॉलेजने मला हरित मंडळाचा प्रमुख केलं. विद्यार्थ्यांना पर्यावरणाची गोडी लावायची, असा आदेश होता. मंडळात चार सभासद होते, त्यांतले दोन वड्यासाठी येत. मी जोरात एक फलक छापून घेतला, ‘प्लास्टिक टाळा, पृथ्वी वाचवा’, आणि कौतुकाने अक्कांना दाखवायला आणला. त्यांनी चिमटीत धरून तो चोळून पाहिला.

"हे कशाचं हो?"

"प्लास्टिकचं," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच माझा चेहरा पडला.

"मुंदे कोण?"

पुढे अक्कांचं सरपण. अजूनही पावसाळ्यात तो फलक त्यांच्या लाकडांवर पसरलेला असतो. माझ्या मंडळाने त्या वर्षी वाचवलेली वस्तू म्हणजे तेवढी लाकडं.

मग वर्ष संपलं. मुलं खोल्या सोडू लागली आणि जाता जाता कपड्यांचे ढीग कचऱ्यात टाकू लागली. चैत्राही फेकायच्या कपड्यांचं एक गाठोडं घेऊन निघाली होती. अक्कांनी तिला दारात अडवलं, गाठोडं सोडलं. सांबार सांडलेला कुडता, शाई लागलेला सदरा. अक्कांनी एकेक डाग उजेडाला धरून पाहिला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "जरा हात लावा. हंडा सुलटा करू."

मी कॉलेजात सांगून टाकलं, रविवारी फेकायचा एक कपडा घेऊन या. माझ्या भाषणांना चार टाळकी येत नसत. त्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. रसवाल्यांकडून डाळिंबाच्या साली आणल्या होत्या. अक्कांनी त्या उकळल्या आणि कमी डाग पडलेले कपडे आधी घेतले. ते पिवळे होऊन निघाले. मग त्यांनी न्हाणीमागून एक मडकं आणलं. त्यात गंजके खिळे आणि गूळ घालून मुरवलेलं पाणी होतं. ते हंड्यात ओतल्याबरोबर तोच पिवळा रंग काळाभोर झाला, आणि पोरांच्या तोंडून एकदम ‘अय्यो’ निघालं. सांबार, शाई, सगळे डाग त्या काळ्यात गडप झाले. चैत्राने असं का होतं विचारलं. मी घसा खाकरून "लोह आणि टॅनिन..." एवढं म्हणालो, तोच अक्का म्हणाल्या, "साकू." चैत्राने त्यांच्या हातची काठी घेतली, ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही.

त्या गडबडीत माझ्या मनात एक गोष्ट खुपत राहिली. लोखंडाचं पाणी मुरायला पंधरा-वीस दिवस लागतात. आमचं तर तीन दिवसांपूर्वी ठरलेलं.

"अक्का, हे मडकं कधी घातलंत?"

"दरसाल घालते की," त्या चुलीत लाकूड सारत म्हणाल्या. "कोण आलं तर पानी तयार पाहिजे."

"आणि कोणी नाही आलं तर?"

"केळीला."

या बाईचे माझ्यावर उपकार आहेत. मी मुलांना पृथ्वी वाचवायला सांगत होतो. ती येणाऱ्या कुणाची तरी वाट पाहत राखून ठेवायची असते, हे मला अक्कांनी शिकवलं.

यंदा मी नंजनगूड रस्त्याला फ्लॅट घेऊन राहतो. मध्यंतरी अक्का तीन आठवडे तापाने अंथरुणाला खिळून असल्याचं कळलं. त्यांना बंगळूरला नेऊन ठेवायला पुतण्या आला होता, आणि जाता जाता हंड्याची विल्हेवाट लावायला त्याने भंगारवालाही बोलावला होता. मी धावतच गेलो. ताप उतरून अक्का त्या सकाळी पहिल्यांदा अंघोळीला गेल्या होत्या. पुतण्या ओसरीवर बसला होता. भंगारवाला हात हलवत परत जाताना मला फाटकात भेटला.

अंगणात हंडा चुलीवर चढलेला. डाळिंबाच्या साली उकळत होत्या, शेजारी लोखंडाच्या पाण्याचं मडकं. अक्का आजारी पडल्या त्याच आठवड्यात ते चैत्राने घातलं होतं. ती आता एमएस्सीला आहे, अजून वरच्याच खोलीत राहते. तिने काठी दुसऱ्या मुलीच्या हातात दिली, न्हाणीपाशी गेली आणि दार ठोठावलं.

"अक्का, मुंदे यारु?"

आतलं पाणी थांबलं. आम्ही घाबरून एकमेकांकडे पाहू लागलो. मग दमलेला आवाज आला, मराठीत.

"पानी केळीला ग. हंडा तुला."

चैत्राला मराठी येत नाही. "काय म्हणाल्या?" असं तिने मला खुणेनेच विचारलं. माझी कानडी ही आमच्या वर्गाची कायमची करमणूक आहे. पण त्या सकाळी ती पहिल्यांदा कामाला आली.

"नीरु बाळेगे," मी म्हणालो. "हंडे निनगे."

इतकी शुद्ध कानडी मी जन्मात बोललो नव्हतो.