खुर्चीचे मोजे

"तुमच्या त्या खोलीत घोडे बांधलेत का हो?"

दुकानाच्या पायरीवरूनच बाईंनी विचारलं आणि शिंपीमास्तरांच्या ओठांतली टाचणी पोटात जाता जाता राहिली. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. मास्तरांनी आयुष्यभर मशीनवर पाय मारून, बायकोचा विरोध पत्करून, दोन महिन्यांपूर्वी जो एका खोलीचा फ्लॅट घेतला होता, त्याच्या बरोबर खाली राहायच्या.

मालक व्हायची हौस फार. पण फ्लॅट असा की न्हाणीघराचं दार उघडलं की धाडकन बेसिनवर आपटायचं. भाड्याने घ्यायला आलेले चौदा जण बघून "कळवतो हं" म्हणून गेले ते गेलेच. पंधरावी मुलगी आली, तिने दार आपटून बघितलं, हसली आणि म्हणाली, "चालेल की काका." ती घरी बसून घरांचे नकाशे काढायची. मास्तरांना ती देवासारखी भेटली होती.

"खुर्चीची चाकं दिवसभर गरगर फिरवते ती," बाई म्हणाल्या. "महिन्याच्या शेवटच्या रविवारी सोसायटीची बैठक आहे. तोवर आवाज थांबला नाही तर मी उभी राहीन. आणि मी उभी राहिले की ठराव होतो."

"ही मुलगी गेली ना," मास्तरांची बायको आतून म्हणाली, "तर तिथे तुम्हीच राहायला जा. बसा दार आपटत!"

आता दुसरा कुणी असता तर चार गोड शब्द बोलून आला असता. पण मास्तर शिंपी. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध, कापड. त्यांनी चाकांची मापं घेतली आणि पाच जाडजूड मोजे शिवून, नाड्या आवळून घातले.

गरगर बंद झाली. पण मोजे घातलेली खुर्ची हलेना. बिचारी मुलगी या टेबलावरून त्या टेबलाकडे उठून जाऊ लागली, आणि आठवड्यात बाई पुन्हा पायरीवर.

"आता धप धप चालते!"

मास्तरांनी तिला कापडी तळाच्या सपाता शिवून दिल्या. चालणं मांजरीचं झालं. मात्र फरशी गुळगुळीत, सपात मऊ. तिसऱ्या दिवशी मुलगी खोलीच्या या टोकाहून निघाली ती थेट स्वयंपाकाच्या मांडणीवर जाऊन थांबली. भांड्यांचा जो काही गजर झाला, त्याने बाईंच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं म्हणतात.

"काका, मी अनवाणी चालले तर नाही का चालणार?" मुलीने कोपर चोळत विचारलं.

"छे! मालक म्हणून माझी काही जबाबदारी आहे की नाही?" मास्तर म्हणाले. "भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचाच घालतो."

दुकानातल्या सगळ्या चिंध्या बाहेर निघाल्या. सहा लांब पट्ट्या तयार झाल्या. अख्खा गालिचा जोडला असता तर जिन्यातून वर गेला नसता, म्हणून मास्तरांनी आपली लोखंडी पायमशीनच दोन हमालांकडून वर चढवली. मुलगी संगणक काखोटीला मारून मैत्रिणीकडे राहायला गेली. गुरुवारी सकाळी मास्तर कामाला बसले. रविवार तोंडावर आला होता.

शनिवारी दुपारी दारावर थाप पडली. बाई! हातात वही.

"कुठाय ती?"

"ती तीन दिवस घरातच नाही, बाई."

"पांघरूण घालू नका! माझ्याकडे नोंद आहे." बाईंनी चष्मा चढवला. "गुरुवार. दहा ते एक खडखड. एक ते अडीच शांत. अडीच ते पाच खडखड. मध्ये चार वाजता दहा मिनिटं बंद. शुक्रवारी तेच. इतका भयंकर आवाज आजवर झाला नव्हता."

मास्तर ऐकत होते. एक वाजता डबा, मग डुलकी...

"चार वाजता," ते हळूच म्हणाले, "मी चहा पितो."

बाईंची नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेली आणि मशीनवर थांबली.

"अस्सं! म्हणजे उद्या मी उभी राहणार ती तुमच्याविरुद्ध."

मास्तरांना त्याच जागी फरशीत गडप व्हावंसं वाटलं. भाडेकरीण गेल्यात जमा होती, आणि घालवली कुणी, तर घरमालकाने. तेवढ्यात बाईंना ती मोजेवाली खुर्ची दिसली. त्या वाकल्या, मोजा चाचपला, खुर्ची थोडी ओढून बघितली. हूं नाही की चूं नाही.

"मास्तर, जरा खाली या."

शिक्षा ऐकायला निघालेल्या पोरासारखे मास्तर मान खाली घालून जिना उतरले. बाईंच्या घरात टेबल आणि चार लाकडी खुर्च्या. "बसा," बाई म्हणाल्या. मास्तरांनी खुर्ची ओढली.

खर्रर्र!

लगेच पायाखालून ठक ठक ठक! कुणीतरी छताला दांडा मारत होतं.

बाईंनी डोळे मिटून घेतले. "खालचा माझाच विद्यार्थी. चौथीत गोंगाट करतो म्हणून दिवसभर बाकावर उभा केला होता मी त्याला. आता वर्षभर दांडा मारतोय. उद्याच्या बैठकीत त्याचाही अर्ज आहे, माझ्याविरुद्ध."

आणि ज्या बाईंपुढे अख्खी सोसायटी चळचळा कापायची, त्या चक्क लाजल्या. मास्तरांना त्या एकदम आपल्याच घरातल्या वाटायला लागल्या.

"चार खुर्च्या, सोळा पाय," मास्तर म्हणाले आणि गळ्यातली टेप काढून गुडघ्यांवर बसले. "बैठकीच्या आत देतो. पण आमच्या मुलीचा विषय...?"

"कुठला विषय?" बाईंनी वही मिटली. "मशीन मात्र आधी घरी न्या. गालिच्याचं उरलेलं हाताने शिवा."

"नेतो, आजच नेतो. बाई, मोजे कुठल्या रंगाचे हवेत?"

बाईंनी दाराकडे एकदा बघून घेतलं.

"फरशीच्या," त्या कुजबुजल्या. "त्या कार्ट्याला कळता कामा नये."