कय्यूमचाचांच्या चुण्या

आमच्या कामरगावात शेतात घालायच्या डगल्यावरही नक्षी असते, कारण तो कय्यूमचाचांनी शिवलेला असतो.

सोयाबीन सोंगताना, म्हणजे कापताना, शेंगा टोचतात म्हणून बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवायच्या. चाचा त्याच शर्टांचे ढगळ डगले करून देतात. पण छातीवर बारीक चुण्या घालून, त्यांवर रंगीत दोऱ्यानं मधाच्या पोळ्यासारखी जाळी काढल्याशिवाय डगला हातातून सोडत नाहीत. तोवर तिकडे शेंगा तडकायला लागतात.

"चाचा, सोंगाले जातो आमी, लग्नाले नाही!" कांताबाई एकदा कडाडली.

"चुणी म्हंजे बरकत हाये, बाई. आंग वाढलं का कपडा बी वाढते."

"माह्या आंगाचं काढू नोका!"

तोच डगला तिनं तीन हंगाम वापरला, हे मात्र ती सांगत नाही.

गळ्यात टेप असतो, पण चाचा माप घेत नाहीत. गिऱ्हाइकाला एकदा न्याहाळतात, "आपली नजर चुकत नाही" म्हणतात आणि कात्री चालवतात. माझी पँट घोट्याच्या वर राहिली, तर म्हणाले, "मास्तर, तुमीच वाढले." अहो, मी चाळिशीचा माणूस!

त्यांचा मुलगा सलीम रेडिमेडचं दुकान टाकतो म्हणाला, तेव्हाही चाचा हेच म्हणाले, "तुले जमनार नाही. आपली नजर चुकत नाही." सलीम तडक पुण्याला गेला. तिथं दुकान चाललं, लग्न झालं, मुलगी झाली. बापलेकांचं बोलणं बंद ते बंदच. नात पाच वर्षांची झाली, चाचांनी तिला पाहिलेली नाही.

दर ईदला तिचा फ्रॉक मात्र शिवतात. तिच्याच वयाच्या माझ्या मुलीला समोर उभं करतात, अंदाज घेतात आणि म्हणतात, "चुण्या हायेत, सांभाळून घेतीन." पार्सल मी टाकायचं. तिनं घातला का, हे विचारायचे नाहीत. मला रागच यायचा. एक फोन लावायला काय जातं या माणसाचं?

यंदा त्यांच्या सुनेनं माझ्या मोबाइलवर फोटो पाठवला. नात फ्रॉक घालून उभी. मी दुकानात जाऊन दाखवला. चाचांनी चष्मा पुसला आणि आधी चुण्याच पाहिल्या.

"पुऱ्या ताणल्या, मास्तर. एक बी चुणी शिल्लक नाही."

"मग माप मागवू का?"

"फोनवर काय माप येते? सलीमले लावा."

मी लावला. पलीकडून सलीमचा आवाज आला, तसे चाचा उठून उभे राहिले. गळ्यातला टेप मुठीत धरला होता.

"बेटा, पोरीले घेऊन ये," ते म्हणाले. "तुह्या अब्बाची नजर चुकली."