देवरे सरांचा स्किन कलर

धुळ्याच्या देवपुरात आमच्या शाळेसमोर एक स्टेशनरीचं दुकान आहे. तिथे कुणी "स्किन कलरचा खडू द्या" म्हटलं आणि नेमके देवरे सर आसपास असले, तर त्या गिऱ्हाइकाची पंधरा मिनिटं गेलीच म्हणून समजा. सर तो खडू हातात घेतात, उजेडात धरतात. पिकल्या पेरूच्या गरासारखा फिकट गुलाबी रंग. मग तो दुकानदाराच्या मनगटाला लावून बघतात, गिऱ्हाइकाच्या मनगटाला लावतात, शेवटी स्वतःच्या मनगटाला लावतात आणि अहिराणीत विचारतात, "हाऊ कोना कातडीना रंग शे?"

हा कुणाच्या कातडीचा रंग आहे? दुकानात तरी कुणाच्याच नसतो. धुळ्याच्या उन्हात त्या रंगाचा माणूस चार दिवस तरी त्या रंगाचा राहील का, याचीच शंका आहे. दुकानदाराने आता शहाणपणाने तो खडू काउंटरखाली ठेवायला सुरुवात केली आहे, आणि सर दिसले की "फिका गुलाबी" म्हणून विकतो.

देवरे सर आमच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवत होते. मी मराठी शिकवतो. ते निवृत्त झाले, मी अजून आहे. त्यांचं घर माझ्या घराच्या मागच्या गल्लीत. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्यात. निवृत्तीनंतर बाकीचे शिक्षक भजनी मंडळात जातात, प्लॉटचे व्यवहार करतात. सर कार्टून बघतात.

बघतात म्हणजे करमणुकीसाठी नव्हे. समोर दोनशे पानी वही, हातात पेन, नाकावर चष्मा. टीव्हीवर उंदीर, बदक, भूत काहीही नाचो, सर ढिम्म. पण पडद्यावर एखादा काळा माणूस आला रे आला की पेनचं टोपण निघतं. तो काय काम करतो, काय बोलतो, ओठ केवढे, डोळे किती बाहेर आलेत, आणि किती वेळ टिकतो, हे सगळं वहीत उतरतं. मी एकदा ती वही चाळली. "घाबरतो. पळतो. खांबावर आपटतो." पुढच्या पानावर, "खातो. अजून खातो. नाचतो." त्यापुढे, "बलवान आहे, पण बोलत नाही." एका पानावर लाल शाईने लिहिलं होतं, "काळी मुलगी, शास्त्रज्ञ!!" आणि त्याखाली निळ्या शाईने, "तिसऱ्या मिनिटाला हरवली. हिरो शोधायला गेला."

आवाजांवर त्यांचा वेगळा राग. "हिरो बघा, किती स्वच्छ हिंदी बोलतो," ते मला सांगत. "आणि हा बिचारा तोंडात भजं ठेवल्यासारखा. दोघं एकाच गल्लीत राहतात, एकाच शाळेत जातात, मग याच्याच तोंडात भजं कुणी ठेवलं?"

हा प्रश्न त्यांनी एका वाहिनीला रजिस्टर पोस्टाने विचारला. चार पानी पत्र, सोबत तुलनेसाठी सात चित्रं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. "प्रिय बालमित्रा, तुझी सुंदर चित्रं मिळाली. अशीच काढत राहा." सोबत चमचमत्या स्टिकरचा एक कागद. बालमित्र तेव्हा साठीला टेकले होते. आठवडाभर ते कुणाशी धड बोलले नाहीत.

आता सांगायला हरकत नाही, की या सगळ्याची सुरुवात आमच्या शाळेतच झाली. आणि त्यात माझाही हात होता.

सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. स्नेहसंमेलनात दरवर्षीप्रमाणे 'आफ्रिकन नृत्य' होतं. आमच्याकडे हा प्रकार अनेक वर्षं चालत आलेला. बारा मुलं, कमरेला झाडाच्या पाल्याचे घागरे, हातात पुठ्ठ्याचे भाले, आणि ज्या भाषेत फक्त "झिंगा" आणि "हुर्र" एवढे दोनच शब्द आहेत अशा भाषेतलं गाणं. मुलांना रंगवायचं काम देवरे सरांचं. काजळी आणि खोबरेल तेल कालवून ते एक लेप करत. तो लेप तोंडाला, हातापायांना. मग पांढऱ्या रंगाने डोळ्यांभोवती दोन गोल आणि लाल रंगाने या कानापासून त्या कानापर्यंत ओठ. वर्गातही ते हेच शिकवत, "एक गोल डोकं, दोन पांढरे गोल, खाली एक आडवं केळं. झाला आफ्रिकन." केळ्यांच्या मुलखातली मुलं. लगेच जमायचं.

निवेदन माझं असे. त्या वर्षी मी लिहिलं होतं, "आता अवतरत आहेत काळ्या खंडाच्या घनदाट अरण्यातून आलेली ही अवखळ रानपाखरं." स्वतःच्या या वाक्यावर मी फार खूश होतो.

माझ्या घराच्या वरच्या खोलीत तेव्हा नुकतीच ग्रेस राहायला आली होती. टांझानियाची मुलगी, आमच्याकडे फार्मसी शिकायला आलेली. मुख्याध्यापकांना कुठून तरी हे कळलं. त्यांचा चेहरा उजळला. "परदेशी पाहुणी! पहिल्या रांगेत बसवू. पेपरात फोटो येईल." मीच तिला घेऊन गेलो. ती छान पिवळा ड्रेस घालून आली. नारळ, शाल, टाळ्या, सगळं झालं. आणि मग माझ्याच आवाजात, माईकवरून, रानपाखरं अवतरली.

खरं सांगतो, ते वाक्य अर्ध्यावर आलं तेव्हा माझी नजर पहिल्या रांगेकडे गेली. पण कागदावर लिहिलेलं होतं, मी वाचून टाकलं. ग्रेस हातावर हात ठेवून बसली होती. नाच संपला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. जेवढ्या नारळ देताना तिला मिळाल्या होत्या, साधारण तेवढ्याच.

नंतर ती पडद्यामागे आली. तिथे पोरांची रंग काढायची झुंबड उडाली होती. तिने देवरे सरांना हिंदीत विचारलं, "सर, ये कौन लोग थे?"

"आफ्रिका के," सर म्हणाले.

"अच्छा. आफ्रिका में कहाँ के?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुठ्ठ्याच्या भाल्यांकडे पाहिलं.

तेवढ्यात चौथीतली एक मुलगी रडायला लागली. काजळी डोळ्यात गेली होती. ग्रेस खाली बसली, ओला रुमाल घेतला आणि हळूहळू तिचं तोंड पुसू लागली. डोळे उघडल्यावर त्या मुलीने समोर कोण आहे ते पाहिलं. मग अगदी आपुलकीने विचारलं, "दीदी, तुमचा कधी काढणार?"

मी भाषांतर केलं नाही. ग्रेसला कळलंच होतं. तिने हात पुढे केला. "निकाल के देख." मुलीने ओल्या रुमालाने तिचं मनगट घासलं. थोडं घासलं, मग जोर लावून घासलं, रुमाल उलटा करून बघितला. रुमाल तिथे स्वच्छ होता. "नाही निघत," ती म्हणाली. सगळी पोरं हसली, ग्रेसही हसली. सर हसले नाहीत. काजळीची वाटी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या घरी आले. वरच्या मजल्यावर जायचं होतं, पण एकट्याने जाणं बरं दिसणार नाही म्हणून मला बरोबर घेतलं. ग्रेसने चहा केला. सरांनी पाठ करून आणलेलं हिंदीतलं माफीचं भाषण सुरू केलं. ते फार लांब होतं. मधेच ग्रेस म्हणाली, "सर, मैं भी यहाँ साँप ढूँढ रही थी."

तिच्या लहानपणीच्या एका कार्टूनमध्ये हिंदुस्थानी माणूस होता. डोक्यावर पगडी, टोपलीत नाग, आणि वाक्यागणिक मान डुलवायचा. धुळ्याला येताना तिने आईला सांगितलं होतं, सापाच्या औषधाची चौकशी कर म्हणून. "साँप तो मिला नहीं," ती म्हणाली, "लेकिन सर, गर्दन आप लोग सच में हिलाते हैं."

सरांनी नाही म्हणायला मान हलवली. ग्रेस खळखळून हसली.

त्यानंतर ती वही आणि ती पत्रं सुरू झाली, आणि पुढे सरांच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. नुसती वही भरून आणि पत्रं लिहून काय होणार? आपणच कार्टून काढायचं. जाड कागदाच्या दोनशे पानांवर दोनशे चित्रं, अंगठ्याने फडफडवली की चित्रातली बाई चालायला लागते, असं. त्यात एक ग्रेससारखी मुलगी असेल. तिच्या हातात भाला नसेल, ती नाचणार नाही, खांबावर आपटणार नाही. मग करेल काय, हे ठरेना. त्यांनी ग्रेसला विचारलं, "तुमच्याकडे सकाळी उठल्यावर लोक काय करतात?"

"ब्रश," ती म्हणाली.

सर थोडे नाराज झाले. शेवटी ठरलं, ती मुलगी कॉलेजला निघते, पांझरा नदीच्या पुलावरून धावते, बस चुकते, आणि ती बाकावर बसून हसते. एवढंच.

पण आधी चेहरा यायला हवा. तो येईना. दर रविवारी सकाळी नऊला ग्रेस सरांच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसे. मांडीवर तिचं फार्मसीचं पुस्तक, समोर सर, ड्रॉइंग बोर्ड घेऊन. मी कधी कधी पेपर घेऊन तिथे जाई. कपाळ यायचं, गाल यायचे, डोळे तर सुंदर यायचे. पेन्सिल ओठांवर आली की हात आपोआप या कानापासून त्या कानापर्यंत जायचा. "तीस वर्षं केळं काढलंय," सर स्वतःच्या हाताकडे रागाने बघत म्हणायचे. "हात ऐकत नही." आणि कागद टराटरा फाडायचे.

गल्लीला याची सवय झाली. आधी लोक मुद्दाम वळून बघायचे, मग बघेनासे झाले. ग्रेस अहिराणी शिकली. लांबूनच ओरडायची, "काय चालनं, सर?" सर ओट्यावरून उत्तर द्यायचे, "ओठ ऱ्हायनात!" कॉलेजच्या शेवटच्या वर्षातही ओठ राहिलेलेच होते. मी सरांना एकदा म्हणालो, इतक्या दिवसांत माणूस नवी भाषा शिकतो, तुम्हाला दोन ओठ येईनात? ते चिडले. म्हणाले, तुम्ही मराठीचे, तुम्हाला काय कळणार.

या वर्षी ग्रेसची परीक्षा झाली आणि ती निघाली. मुंबईची गाडी जळगावहून होती. माझ्या गाडीतून मी आणि सर तिला सोडायला गेलो. पारोळ्यापर्यंत सर तिला गाडीत पाणी किती प्यावं, सामान कुठे ठेवावं हे सांगत होते. स्टेशनवर त्यांनी पिशवीतून एक जाडजूड पुडकं काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. "घर जाके देखना," ते म्हणाले.

ग्रेसने ते तिथेच उघडलं. दोनशे पानं, वरून शिवलेली. तिने अंगठा लावला. पांझरेचा पूल आला, आणि तीच पुलावरून धावत निघाली. ओढणी मागे उडत होती, पुस्तक छातीशी. बस निघून गेली. ती बाकावर बसली, धापा टाकल्या, आणि मग हसली. ओठ तिचेच होते. हसताना डावीकडे किंचित जास्त वर जातात, तसेच गेले.

तिने पुन्हा एकदा फडफडवलं. मग शेवटचं पान उघडून पाहत राहिली. कोपऱ्यात सरांची सही होती, आणि चित्रकलेच्या शिक्षकांची असते तशी खाली तारीख. मीही वाकून पाहिलं. ती मागच्या वर्षीच्या पाडव्याची होती.

ग्रेसने वर पाहिलं. "सर, तारीख गलत लिखी है आपने," ती म्हणाली.

"हां," सर म्हणाले. "गलती हो गई."

तिने ते पुडकं ट्रंकेत न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत ठेवलं. वाकून सरांच्या पाया पडली. हे तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. गाडी हलली तेव्हा ती दारात उभी होती, आणि सर हात वर करायचं विसरून नुसतेच बघत होते.

परत येताना एरंडोलच्या पुढे आम्ही चहाला थांबलो. मी विचारलं, "सर, मागच्या वर्षीच पाडव्याला झालं होतं?"

त्यांनी कपात फुंकर मारली. मनातलं बोलायचं असलं की सर सुरुवात अहिराणीतच करतात. "जमनं व्हतं," ते म्हणाले. "पन मी सांगं नही."

"का?"

"सांगितलं असतं तर रविवारी ती कशाला आली असती?" त्यांनी कप खाली ठेवला. "चित्र काढायचं म्हणजे आपण समोरच्याकडे बघतो, असंच सगळ्यांना वाटतं. पण समोरचाही आपल्याकडे बघत असतो ना भाऊ. तास तासभर. ही गेल्यापासून माझ्याकडे कोणी एवढं बघितलं नव्हतं."

'ही' म्हणजे त्यांची बायको. बिल देऊन आलो तर सर गाडीत जाऊन बसले होते. मागच्या सीटवर ग्रेसची पाण्याची बाटली राहिली होती, ती त्यांनी उचलून मांडीवर घेतली होती आणि तिचं झाकण घट्ट लावत होते.