नवसाचा पासवर्ड

पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. त्यामुळे त्या सकाळी कॉम्प्युटरने 'जागा शिल्लक नाही' अशी कुरकुर केली, तेव्हा मी देवाला हात जोडले, पदर खोचला आणि आवरायला बसले.

लेकीने बजावून ठेवलं होतं, "आई, आधी बॅकअप, मग बाकीचं." म्हणून सगळं हार्डडिस्कवर उतरवलं, वर पासवर्डचं कुलूप घातलं. (पासवर्ड कुणाच्या स्वप्नातही येणार नाही असा: मी बोललेला नवस! फळेपर्यंत तो उच्चारायचा नाही. त्यासाठी मी चहातली साखरसुद्धा सोडली होती.) मग बघते तर लेकीचा प्रबंध इथेही आणि तिच्या लॅपटॉपवरही. एका घरात तीच वस्तू दोनदा कशाला? इथला पुसला. कचरापेटीही रिकामी केली. अर्धवट काम मला आवडत नाही.

आतल्या खोलीतून किंकाळी आली.

"आई! प्रबंध गेला माझा! संध्याकाळी द्यायचाय!"

"अगं, मी तर इथला पुसला."

"सिंक आहे ते! इथलं पुसलं की तिथलंही जातं!"

(या घरात इतकं आज्ञाधारक काही असेल, हे मला कसं सुचावं?)

हे पेपर टाकून धावत आले. "बॅकअप आहे ना? पासवर्ड सांग."

"सांगता यायचा नाही."

"विसरलीस?"

"नवस आहे तो. मीच टाइप करते. तुम्ही दोघं भिंतीकडे तोंड करा."

बिचारे उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. टाइप केलं. चूक. पुन्हा केलं. पुन्हा चूक. लेक भिंतीशी मुसमुसू लागली.

"आई, कडेला डोळ्याचं चित्र आहे, ते दाब. अक्षरं दिसतील."

दाबलं, आणि चूक सापडली! आनंदाच्या भरात मी ओरडले, "अगं बाई! 'यांचं घोरणं बंद होऊ दे' मधलं 'दे'च राहिलं की!"

भिंतीकडची दोन्ही तोंडं गर्रकन माझ्याकडे वळली.

कुलूप उघडलं. प्रबंध जसाच्या तसा! लेकीने मला गच्च मिठी मारली. हे मात्र शांतपणे खुर्ची ओढून बसले.

"माझं घोरणं काय? बघू या तर, एवढी जागा कशाने भरली होती."

त्यांनी 'पुरावा' नावाचं भलंमोठं फोल्डर उघडलं आणि बटण दाबलं. असा गडगडाट झाला की टेबलावरचे चमचे वाजले. मध्येच गडगडाट थांबला आणि माझ्या आवाजात, झोपेतच, देवाचं नाव आलं. मग पुन्हा गडगडाट.

"रात्री जागून केलेली अशी रेकॉर्डिंग अजून ढीगभर आहेत," हे म्हणाले.

आणि मी मात्र देव ऐकत नाही म्हणून रुसून बसले होते! तो तरी काय करणार? मी पत्ताच चुकीचा दिला होता.

तेव्हापासून नवसात 'यांचं' काढून 'माझं' घातलंय. साखर सोडलेलीच आहे. देव दयाळू आहे, ऐकेल. तोवर हे कानात कापूस घालून झोपतात.