दुपंखी दगडफेक्या

एका जंगलात, बाळांनो, शांतता होती. शांतता असली की मोठ्यांना पुढच्या लढाईची काळजी लागते. तुम्हाला नाही लागत, म्हणून तर तुम्ही लहान.

मागच्या लढाईत डोंगरापलीकडच्या लांडग्यांनी या जंगलाला चांगलंच रडवलं होतं. म्हणून सिंहमहाराजांनी एक मंडळ नेमलं. मंडळानं ठरवलं, डोंगर ओलांडून लांडग्यांवर दगड टाकणारं उडतं यंत्र हवं. नावही ठरलं, दगडफेक्या. काम मिळालं ठोकेराव सुतारपक्ष्याला. कारागीर पक्का, पण राजसुतार ही पदवी मिळावी म्हणून जीव नुसता टांगणीला. मंडळापुढे तोंडातून 'नाही' म्हणून निघायचं नाही.

यंत्र उडवणार होती फुलवंती शेकरू. ती ठोकेरावला दादा म्हणायची.

ठोकेरावनं पंखांच्या एकाच जोडीचं हलकं यंत्र केलं. सुरेख उडालं. मंडळ बघायला आलं.

"एकच जोडी?" अध्यक्ष गजराज म्हणाले. मागच्या लढाईत ते सेनापती होते. "आमच्या वेळी दोन असत. एकीवर एक."

"एकीवरही उडतंय, साहेब."

"आणि ती मोडली तर?"

"हो साहेब, तेही खरंच."

दुसरी जोडी चढली. मग रेडेसाहेबांना लाकडाऐवजी लोखंड हवं झालं. अस्वलसाहेबांनी चालकाच्या डोक्यावरचं छप्पर काढायला लावलं, कारण तोंडावर वारा बसल्याशिवाय शौर्य येत नाही. कासवराव मंडळाचे वेगतज्ज्ञ. त्यांना एवढा वेग बरा दिसेना. ठोकेराव सगळ्यांना हो म्हणत गेला. वर्षं गेली.

शेवटी दगड भरून फुलवंती उडाली. डोंगराच्या कड्याला घासता घासता कशीबशी वळली आणि परत आली.

"दादा, खरं सांग. लढाई झाली तर मी यातून परत येईन का?"

ठोकेराव तडक मंडळाकडे गेला. "साहेब, दगड भरले की हे डोंगर ओलांडत नाही. पोर मरेल हो!"

"मग दगड काढा," गजराज म्हणाले.

"पण मग टाकायचं काय?"

"तो प्रश्न पुढच्या मंडळाचा."

दगड काढल्यावर दगडफेक्या डौलात उडाला. ठोकेरावला शाल आणि पदवी मिळाली. फुलवंती म्हणाली, "अभिनंदन, राजसुतार." दादा म्हणाली नाही. त्याला फार लागलं ते, पण शाल काही त्यानं परत केली नाही.

आणि एके दिवशी लांडगे आले. त्यांच्या यंत्रांना पंखांची एकच जोडी. त्यांनी वरून दगड टाकून तळं फोडलं, झाडं पेटवली. फुलवंतीला हुकूम आला, वर जा. ती शेपटी कमरेला बांधू लागली. ठोकेराव हात जोडून पुटपुटला, "देवा, एक दगड या यंत्रावर पडू दे रे, ती बसायच्या आत!"

नाही पडला. फुलवंती रिकामं यंत्र घेऊन वर गेली. एका तरुण लांडग्यानं तिच्यावर नेम धरला, तोच त्यांचा म्हातारा सरदार ओरडला, "अरे गाढवा, ते पाडू नकोस! ते पाडलंस तर हे जंगलवाले नवीन बनवतील!"

सगळ्या लांडग्यांनी अदबीनं बाजूला होऊन तिला वाट दिली.

फुलवंती उतरली तेव्हा जंगलाची राख झाली होती. मंडळ तेवढं यंत्राभोवती जमलं होतं.

"बघा, एक ओरखडा नाही!" गजराज म्हणाले.

"साहेब, त्यांनी मुद्दाम सोडलं मला!" फुलवंती रडत ओरडली. "हे यंत्र आपल्याकडे राहावं असं त्यांनाच वाटतंय!"

"वा! म्हणजे शत्रूचीही पसंती आहे," कासवराव म्हणाले. "आणखी शंभर करायला सांगा राजसुताराला."

राजसुतार तेव्हा राखेतून फिरत होता. आपली ढोली असलेलं झाड नेमकं कोणतं, ते त्याला ओळखू येत नव्हतं.

तात्पर्य: शस्त्र असं असावं, की शत्रूनंही ते जिवापाड जपावं. जंगलाचं एवढं मनावर घेऊ नये. जंगल पुन्हा उगवतं, पण मंडळ एकदा मोडलं की पुन्हा नेमायला फार त्रास होतो.